वाल सोलतानाचं गाणं

पेणला आमच्या घराच्या भिंतीला लागून गणपतींचा कारखाना आहे. मूर्तींवर रंगाचा फवारा मारायला तिथला कॉम्प्रेसर सकाळी साडेनऊला सुरू होतो आणि एक वाजता जेवणासाठी बंद होतो. एक ते अडीच या वेळात मी आवाज रेकॉर्ड करते. बाकीचा दिवस कानाला हेडफोन लावून जे होईल ते काम. माझं वेळापत्रक असं शेजाऱ्यांच्या जेवणाच्या डब्यावर ठरतं, आणि आता मला त्याचं काही वाटत नाही.

लोक विचारतात, तू नक्की काय करतेस? गातेस का? नाही. पेटी वाजवतेस? जेमतेम. मी संगीत प्रोड्यूस करते, म्हणजे दुसऱ्यांची गाणी आणि वाद्यं घेऊन ती नीट एकत्र बसवते. सोनाराच्या दुकानाची जाहिरात, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं गाणं, भजनी मंडळाचा अल्बम, अधूनमधून एखादा छोटा सिनेमा. नवरा नागोठण्याच्या बाजूला कंपनीत आहे. तो पहिल्या शिफ्टला गेला की मी मागच्या खोलीत येऊन बसते. पूर्वी तिथे भात साठवायचे. आता भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत, टेबलावर दोन स्पीकर आहेत, तरी सासूबाई फोनवर सांगतात, "ती ना? भाताच्या खोलीत आहे."

तीन वर्षांपूर्वी याच खोलीत मला एका तरुण दिग्दर्शकाचा फोन आला. तो एका कादंबरीवर सिनेमा करत होता आणि त्याचं संगीत मी करावं असं त्याचं म्हणणं होतं. कादंबरीचं नाव ऐकून मी उभीच राहिले. ती माझ्या सरांची कादंबरी होती.

माझं माहेर रोह्याचं. सर आम्हाला शाळेत मराठी शिकवायचे. घरची मोठी शेती होती, पण त्यांनी नोकरी धरली, आणि तरुणपणी ही एक कादंबरी लिहिली. एकच. नंतर काही लिहिलं नाही. मी अठरा वर्षांची असताना वाचनालयातून ती आणली होती. एका शेतकरी घरातली दोन भावंडं, मोठी बहीण आणि धाकटा भाऊ. बहीण संध्याकाळी पडवीत वाल सोलत बसते आणि एक गाणं म्हणते. शेवटी ती नदीत बुडून मरते, आणि भाऊ त्या रिकाम्या पडवीत जाऊन बसतो. ते प्रकरण वाचून मी दोन दिवस धड जेवले नव्हते.

पुस्तकांवरून केलेल्या सिनेमांचं काम मी त्याआधीही केलं होतं, आणि मला त्यात नेहमी एकच अडचण यायची. पुस्तक वाचताना माणूस सगळं आपल्याच मनातल्या आवाजात ऐकतो. 'ती गुणगुणत होती' एवढंच लेखक लिहितो आणि बाजूला होतो. प्रत्येक वाचकाच्या मनात ती वेगळं काही गुणगुणते. सिनेमात मात्र कुणीतरी खरोखर गुणगुणावं लागतं. एकदा ती चाल ऐकली की बाकीच्या हजार चाली संपल्या. दिग्दर्शकाला पुस्तकातली पानं गाळावी लागतात, म्हणून लोक त्याला बोल लावतात. मला उलट भीती वाटते ती घातलेल्या गोष्टींची, आणि त्या घालणारी बहुतेक वेळा मीच असते.

या पुस्तकात गाण्याच्या दोनच ओळी होत्या.

वाल सोलता सोलता सरली गो सांज,
पाटाच्या पल्याड वाजे कुणाची झांज.

दिग्दर्शकाला त्याचं पूर्ण गाणं हवं होतं. मी चाली बांधायला बसले. तीन आठवड्यांत सात चाली झाल्या. एक गोड होती, एक उदास होती, एक इतकी छान होती की ऐकताना मलाच माझा राग आला. माझ्या डोक्यातली ती मुलगी असलं काही म्हणत नव्हती. ती काय म्हणत होती तेही मला सांगता येत नव्हतं. शेवटी मी ठरवलं, सरांनाच विचारावं.

सकाळच्या गाडीने पेणहून निघाले. कासू गेलं, नागोठणे गेलं, आणि तासाभरात रोह्याला उतरले. सर आता सत्तरीच्या जवळ आले आहेत. त्यांनी दार उघडलं आणि मला पाहून खूश झाले. काकूंनी पोहे केले. सिनेमाबद्दल बोलताना ते अगदी शांत होते.

"मी पटकथा वाचलेली नाही," ते म्हणाले. "त्यांनी पाठवली होती. ठेवून दिली. माझं काम झालं, आता त्यांचं त्यांनी करावं."

"सर, मला फक्त एक विचारायचं होतं. ते वाल सोलतानाचं गाणं. त्याला चाल होती का तुमच्या मनात?"

सर चष्मा काढून पुसायला लागले. मला वाटलं, आठवत असतील. तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "गडबला जा म्हणावं तिला. जिचं गाणं आहे तिला विचारू दे."

"कोण आहे गडबला?" मी विचारलं. गडब म्हणजे आमच्या पेणजवळचं गाव.

सर चष्मा पुसत राहिले. काकू हात पुसत बाहेर आल्या. "यांची बहीण," त्या म्हणाल्या.

मला क्षणभर काही कळेचना. पुस्तकातली बहीण तर मेली होती. तिच्यासाठी मी रडले होते. मी मूर्खासारखं विचारलं, "म्हणजे दुसरी बहीण?"

"एकच होती," सर म्हणाले. "एकच आहे."

मग त्यांनी सांगितलं. फार थोड्या शब्दांत, वर्गात धडा संपवताना सांगायचे तसं. बहिणीने विसाव्या वर्षी गडबच्या एका शेतकऱ्याशी लग्न केलं. तो जातीतला नव्हता आणि जमीनही बेताची होती. वडिलांनी तिचं नाव घरात काढायचं नाही असं बजावलं. पडवीतला तिचा बसायचा पाटसुद्धा जाळला. "घरात ती मेलीच होती," सर म्हणाले. "मी तेवढंच लिहिलं. मला वाटलं होतं, मी वडिलांवर लिहितोय. छापून आल्यावर लक्षात आलं, मी तिलाच बुडवलं."

"तुम्ही भेटलात का नंतर?"

"लग्नकार्यात. लांबून."

जेवून जा असं काकू म्हणत होत्या, पण मी थांबले नाही. परतीच्या गाडीत मला सरांचा राग येत होता आणि स्वतःचाही. ज्या प्रकरणावर मी इतकी वर्षं जीव टाकला होता, ते एका जिवंत बाईचं मरण होतं.

दोन दिवसांनी स्कूटरवरून गडबला गेले. हायवेला लागून तिच्या मुलाचं चहा-वड्याचं दुकान आहे, त्याच्या मागे घर. अंगणात एक उंच, काटक बाई सुकलेले वाल झोडत होती. केस पूर्ण पांढरे, पदर खोचलेला. मी सरांचं नाव सांगितलं तशी तिने हातातली काठी खाली ठेवली.

"बरा हाय ना तो?" तिने पहिल्यांदा तेच विचारलं.

"बरे आहेत."

"मग तू कशाला आलीस गो?"

सर बोलतात ती मराठी पुस्तकातली. त्यांच्या बहिणीच्या बोलण्यात रोह्याच्या त्या घराचं काही उरलं नव्हतं. पन्नास वर्षांत ती पूर्ण गडबची झाली होती. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं, सिनेमा, गाणं, माझ्या सात चाली. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही.

"पुस्तक वाचलंत तुम्ही?" मी विचारलं.

"आमच्या हितल्या मास्तरीणबाईनं वाचून दाखवलं होतं. थोडंसं. मी मरते तिथवर आली आनि रडाय लागली. मी म्हटलं, अगो बाय, मी हितं बसलीय ना तुझ्यासमोर."

"मी पण रडले होते," मी म्हटलं.

"तू तिकडं रडत होतीस आनि मी हितं चिखलात भात लावत होते." ती हसली, आणि मग हसू गेलं. "सिनेमात पन मरते मी?"

"हो."

"बुडून?"

"हो."

"मला पोहता येतं," ती म्हणाली. "त्याला नाय येत. लहानपनी तोच बुडत होता नदीला. मी केसाला धरून बाहेर काढला. ते नाय लिहिलंन."

 हायवेवरून एक ट्रक गेला, मग दुसरा. तिने पदराने तोंड पुसलं.

"मी मरत नाय असं करता येईल का तुला?"

"नाही, मावशी. गोष्ट माझ्या हातात नाही. ती दिग्दर्शकाची."

"मग तुझ्या हातात काय हाय?"

"आवाज. सिनेमात जे ऐकू येतं ते."

तिने विखुरलेल्या शेंगा हाताने गोळा केल्या. मग म्हणाली, "गानं मी म्हनेन. पन मी मेल्याच्या आधी नको. मेल्यावर लाव."

पुढच्या आठवड्यात ती सुनेबरोबर रिक्षाने पेणला आली. घरून येताना मोड आलेल्या वालांचं भांडं घेऊन आली होती. "हातात काय नसलं तर गानं येत नाय," असं तिचं म्हणणं. एक वाजला, शेजारचा कॉम्प्रेसर बंद झाला आणि मी माइक तिच्यासमोर खाली, गुडघ्यांच्या उंचीला लावला.

मी कानाला हेडफोन लावला आणि तिने सुरुवात केली. माझ्या सातही चाली कशा चुकल्या होत्या ते पहिल्या ओळीतच कळलं. मी ताल आधी धरला होता. तिचा ताल हाताचा होता. दाणा सालातून सुटला की शब्द सुटायचा. एखादा दाणा अडला की ओळही अडायची, तो सुटेपर्यंत. 'पल्याड' या शब्दाच्या मधोमध ती श्वास घ्यायची, जिथे कुठलीही गायिका घेणार नाही. तिथे तिला सालं बाजूला टाकायची असत. आवाज चिरका, सत्तरी ओलांडलेला, आणि सुरात पक्का. पुस्तकात दोन ओळी होत्या. तिने अकरा म्हटल्या. भावाला दोनच आठवल्या होत्या, किंवा दोनच पुरल्या होत्या.

गाणं संपल्यावर ती म्हणाली, "झालं? का परत म्हनू?"

"झालं," मी म्हटलं. परत म्हणायला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तिने भांड्यातले सोललेले वाल तिथेच आमच्या सासूबाईंना देऊन टाकले. रात्री घरात वालाचं बिरडं झालं.

सिनेमाच्या सुरुवातीला तरुण नटीच्या तोंडी गाणं लागणार होतं. ते मी मावशीच्या चालीवर एका तरुण गायिकेकडून बसवून घेतलं. तिला हेडफोनमध्ये वाजणाऱ्या क्लिकच्या ठोक्यावर गायची सवय. मी ठोका बंद केला आणि हातात वाल दिले. बिचारी दोन दुपारी वैतागली, तिसऱ्या दुपारी बरं जमलं. मग मी शेवटचं रीळ उघडलं. बहीण बुडते, भाऊ पडवीत बसतो, आणि पडदा काळा होण्याआधी नदीचं एक लांबलचक दृश्य आहे. त्या नदीवर मी मावशीचा आवाज ठेवला. मागे काही नाही. ना तानपुरा, ना व्हायोलिन.

दिग्दर्शकाला पाठवलं. अर्ध्या तासात त्याचा फोन आला.

"ताई, हा म्हाताऱ्या बाईचा आवाज कुणाचा? ती तर बाविसाव्या वर्षी मेली."

मी त्याला सगळं सांगितलं.  मुलगा विचारी होता, त्याचं काम मला आवडायचं.

"मला पटतंय," तो शेवटी म्हणाला. "पण प्रेक्षकाला हे माहीत नाही. त्याने दोन तास त्या मुलीला जीव लावला. तिच्या मरणावर हा आवाज आला तर तो विचारात पडेल, ही कोण? माझा शेवट मोडतो."

"मोडू दे ना थोडा."

"पुस्तकाचा शेवट आहे तो, ताई. मला पुस्तकाशी प्रामाणिक राहायचंय."

 तो पुस्तकाशी प्रामाणिक राहत होता, आणि पुस्तक त्या बाईशी प्रामाणिक नव्हतं. आम्ही आठ दिवस भांडलो, आवाज न चढवता. एकदा तो मुद्दाम पेणला आला, भाताच्या खोलीत बसून त्याने ते अकरा ओळींचं गाणं तीनदा ऐकलं, आणि तरीही नदीच्या दृश्यावर नको म्हणाला. शेवटी त्याने एक जागा दिली. पडदा पूर्ण काळा झाल्यावर, नावं वर सरकू लागतात तिथे. मी ती घेतली. नावांत तिचंही नाव टाकायला लावलं. 'गाणं आणि चाल' याच्यापुढे.

मावशीला फोन करून सांगितलं. "नावं येतात तवा? म्हंजे मी मेल्यावरच ना?"

"हो, मेल्यावरच."

"मग बास."

सिनेमा बाहेर लागण्याआधी दिग्दर्शकाने रोह्यात एका शाळेच्या सभागृहात खेळ ठेवला. सर आणि काकू पहिल्या रांगेत होते. मावशीला बोलावलं होतं, पण भात झोडायला माणसं लागली होती, ती आली नाही. सरांना मी त्या आवाजाबद्दल काही सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. तेव्हा वाटलं, तिने माझ्याकडे मागितलं होतं, त्यांनी नाही.

बुडण्याचा प्रसंग आला तेव्हा सभागृहात मुसमुसणं ऐकू आलं. पडदा काळा झाला. लगेच दिवे लागले, लोक उठले, खुर्च्या सरकल्या, पोरं दाराकडे धावली. त्या गोंधळात मावशीचा आवाज सुरू झाला. फार थोड्यांनी ऐकला. सर उठले नाहीत. माणसं त्यांच्या गुडघ्यांना घासून पुढे जात होती आणि ते पाय आखडून बसले होते. मी त्यांच्या मागच्या रांगेत होते. 'पल्याड'च्या मध्ये श्वास आला तसा त्यांनी काकूंचा हात धरला.

गाणं संपल्यावर ते मागे वळले. "अकरा ओळी आहेत," ते म्हणाले.

"हो, सर."

"मला कधीच माहीत नव्हतं."

ते माझ्यावर रागावले होते की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, शाळेत निकाल लागल्यावर ठेवायचे तसा, आणि काकूंना धरून पायऱ्या उतरले.

चार दिवसांनी मावशीचा फोन आला. तिने तोवर मला कधी फोन केला नव्हता.

"आला होता," ती म्हणाली.

"सर? एकटेच?"

"एकटाच. रिक्षा करून. म्हातारा झालाय गो किती."

"काय म्हणाले?"

"काय नाय. जेवला. तांदळाच्या भाकऱ्या तीन खाल्ल्यान. मग हितंच खाटेवर झोपला दुपारभर. घोरत होता. मी वारा घालीत बसले." मग म्हणाली, "उठल्यावर रडला. मी म्हटलं, रडू नको, रिक्षावाला बघतोय."

त्या थंडीत मावशीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पेणला झालं. मी दवाखान्यात डबा घेऊन गेले. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली मावशी कॉटवर टेकून बसली होती, सून खाली चटईवर, आणि स्टुलावर सर. हातात त्यांचं पुस्तक, जुनी प्रत, पाठीला चिकटपट्टी लावलेली. ते मोठ्याने वाचत होते. मी दाराशीच थांबले.

दर दोन ओळींनी ती त्यांना अडवत होती. "आपली गाय तांबडी नव्हती, काळी होती." "आईला असं बोलायची हिंमत होती का तुझी?" सर प्रत्येक वेळी "बरं" म्हणायचे, पेन्सिलीने समासात काहीतरी लिहायचे आणि पुढे जायचे. शेजारच्या कॉटवरची बाईही कान देऊन ऐकत होती.

मग सर थांबले. त्यांनी पान उलटलं, परत मागे आणलं. ते नदीच्या प्रकरणाशी पोचले होते, हे मला कळलं. अठराव्या वर्षी ती पानं मी इतकी वाचली होती की ती कुठे सुरू होतात ते मला पाठ होतं.

"पानी पायजे का तुला?" मावशीने विचारलं.

"नको."

"मग थांबलास कशाला? वाच पुढं."

सरांनी घसा साफ केला आणि वाचायला लागले.